बिनगांडुळाची माती

"चांगू, तुज्या आयला औंदा गावकी बगंल. तिच्या पोटाला कमी पडू देनार नाय. आता तरी शिव रे बाबा," भागोजी हात जोडून फणसाकडे बघत म्हणाला आणि मागे सरकला.

फणसावरचे कावळे जागचे हलले नाहीत. त्यांतला एक निवांत चोच फांदीला घासत होता. खाली अंगणाच्या कडेला केळीच्या पानावर भात, वडे, खीर, अळूची भाजी असं सगळं निवून गेलं होतं. खिरीवर माशा बसू लागल्या होत्या, पण हाकलायला कुणी पुढे होत नव्हतं. पानाजवळ माणूस दिसला की कावळा अधिकच बिचकतो.

सर्वपित्रीची अवस होती. वाडीतल्या बाकीच्या घरांची पानं कावळ्यांनी केव्हाच उष्टावली होती. या पंधरवड्यात कावळ्यासारखा भाग्यवान जीव नाही. एरवी दगड खातो, तो आता वडे खातो आणि वर लोकांचे नमस्कार घेतो. पण ठकूबाईच्या अंगणात आला की याच कावळ्यांना काय व्हायचं कोण जाणे. तिचा एकुलता एक मुलगा चांगू दर्यापार मेला त्याला दहा वर्षं झाली होती, आणि दहा वर्षांत त्याचं पान एकदाही शिवलं गेलं नव्हतं.

लोकांनी कारणं शोधली होती. चांगू लहानपणी फणसावर चढून कावळ्यांची घरटी पाडायचा, त्याचा राग कावळ्यांनी धरला, असं पोरंसोरं म्हणत. मोठी माणसं म्हणत, त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग दर म्हाळाला कुणीतरी पुढे होऊन मेलेल्याला वचन द्यायचं. एका वर्षी भागोजीनं घर शाकारून द्यायचं कबूल केलं. पुढल्या वर्षी कुणी कौलं घालून द्यायचं बोलला, त्याच्या पुढल्या वर्षी पडवीची भिंत. कावळा काही आला नाही, पण मेलेल्याला दिलेला शब्द मोडायची छाती कुणाची? वाडीनं एकेक शब्द पाळला. चांगूनं न शिवता आईचं घर बांधून घेतलं, असं लोक माघारी हसून म्हणत. शेवटी दुपार कलली की दर्भाचा कावळा करून पानाला लावायचा आणि जेवायला बसायचं, असं दरवर्षी चालत आलं होतं.

या वर्षी भागोजीनं दर्भाची जुडी कमरेची काढली, तशी पडवीत खांबाला टेकून बसलेली ठकूबाई बोलली. नागपंचमीपासून तिच्या पायांवर सूज होती आणि आवाज बसला होता, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला.

"ठेव ती जुडी. गवताचा कावळा नगो."

"काकी, उनं कलली. मानसं उपाशी हायत."

"मानसांनी जेवावं. माजं काय नाय. पन मी आता जानार, भागोजी. ह्या दिवाळीचा दिवा मी बगत नाय. तिकडं गेल्यावर माजा ल्योक मला म्हनंल, आये, तुज्यानं येक कावळा झाला नाय? मी काय सांगू त्याला? खरा कावळा शिवल्याबिगर मी पानी तोंडात घ्यायची नाय."

तिला तहान सोसत नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं. तिचे ओठ सकाळपासून फुटले होते. ही बाई बोलली ते करणार, आणि केलं तर उद्याचा दिवस बघणार नाही, हेही सगळ्यांना कळत होतं. मग एकेक करून माणसं कोंडाजीकडे बघू लागली.

कोंडाजी अंगणाच्या पार टोकाला, जात्याच्या फुटक्या तळीवर बसला होता. हातापायांनी थोराड, बोलायला कमी. कशेडीच्या घाटात तो मैलकुली होता. पावसाळ्यात दरड कोसळली की ती उपसून रस्ता मोकळा करायचा, हे त्याचं काम. या कामात त्याची एक खोड होती आणि तिच्यापायी मुकादम त्याला शिव्या घालायचा. बाकीचे कुदळी मारत सुटायचे, कोंडाजी मात्र आधी हातानं माती चाचपायचा. वरची ढेकळं बाजूला करायचा, आत हात घालायचा, मगच फावडं लावायचा. "दरड उपसतोस का बाळंतीन न्हानतोस रे?" असं म्हणून सोबतचे गडी हसायचे. कोंडाजीही हसायचा. फावड्याच्या पात्याला कुणाचं तरी कपाळ लागेल, अशी भीती त्याला प्रत्येक दरडीत वाटते, हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

चांगूला शेवटचं त्यानं पाहिलं होतं.

दोघं बरोबर वाढले, बरोबर दासगावच्या बंदरातून मुंबईला गेले आणि तिथे ओळखीनं एका तेलाच्या बोटीवर खलाशी झाले. ती बोट देवमासे मारणाऱ्या लोकांना तेल पोचवायला पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला जायची. तिथे एक बेट होतं. मागे बर्फाचे डोंगर, पुढे काळ्या रेवेचा किनारा, आणि किनाऱ्यावर हजारोंनी उभे असलेले ते पक्षी, पोट पांढरं, पाठ काळी. पहिल्या दिवशी चांगू त्यांना बघून म्हणाला होता, "कोंड्या, म्हाडच्या कोर्टातलं समदं वकील हितं कसं रे आलं?" त्या हसण्यावर दोघांचे दोन दिवस गेले.

बेटावर झाड नव्हतं. गवताची काडीही शोधावी लागत होती. आणि दिवस मावळत नव्हता. सूर्य आभाळाच्या कडेकडेनं फिरायचा आणि परत वर चढायचा. त्यामुळे, पिंपं उतरवताना दोर तुटला आणि पिंपाखाली चांगूची छाती चेपली, तो दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कोंडाजीला पुढे कधीच सांगता आलं नाही. तिथी कळली नाही म्हणून तर त्याचा म्हाळ सर्वपित्रीला घालावा लागत होता.

कोंडाजीनं लाकडं मागितली. कप्तानानं हात हलवून आजूबाजूचं रिकामं बेट दाखवलं. दर्यात सोडायला कोंडाजी तयार होईना, तेव्हा पुरायला परवानगी मिळाली. खलाशांचा म्होरक्या, म्हणजे बोटीवरचा सारंग, दाभोळकडचा मुसलमान होता, भला माणूस. तो म्हणाला, "जागा तू बघ. तुझा माणूस आहे."

बोटीवर एक गोरा साहेब होता. खलाशी त्याला किड्यांचा साहेब म्हणत, कारण तो बेटावर जागोजाग दगड उलटे करून खालची माती डब्यांत भरायचा. लढाईच्या दिवसांत तो कलकत्त्याला होता, त्यामुळे मोडकं हिंदी बोलायचा. जागा दाखवायला तोच पुढे आला. पक्ष्यांच्या वस्तीला लागून एक सखल खाच होती. तिच्यात शेवाळ माजलं होतं, पाणी झिरपत होतं आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा नाकातले केस जाळणारा वास येत होता. "इधर," साहेब म्हणाला. "इधर मिट्टी नरम. इधर अच्छा."

कोंडाजीला राग आला. आपल्याकडे माणसाला असल्या जागी कोण ठेवतं? ओलीत, घाणीत, पाखरांच्या पायांखाली? वाडीत तान्ह्या पोरांना, देवी येऊन मेलेल्यांना मूठमाती द्यायची ती वरकस जमिनीत, उंचावर, पाण्याच्या वाटेपासून दूर, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं वर बोट केलं. वर एक कोरडी, स्वच्छ, वाऱ्यानं झाडून काढल्यासारखी चढण होती. तिथून दर्या दिसत होता. साहेब काहीतरी बोलणार होता, पण कोंडाजीचं तोंड बघून गप्प राहिला. चौघांनी पहारींनी गुडघाभर खणलं, त्याखाली जमीन लोखंडासारखी लागली. चांगूला त्याच्या निळ्या बंडीसकट ठेवलं आणि वर दगड रचले. कोंडाजीला मंत्र येत नव्हते. तो फक्त "चांगली जागा बगून दिलीया रे तुला," एवढंच म्हणाला.

पुढे बर्फामुळे बोट तिथेच अडकून पडली, आणि साहेबाचे डबे वाहायला कोंडाजीला लावण्यात आलं. त्याचं मन रमावं म्हणून सारंगानंच ते केलं असावं. साहेबाचं काम मोठं गमतीचं होतं. माती चाळणीवर पसरायची, चाळणी पत्र्याच्या नरसाळ्यावर ठेवायची, वर दिवा लावायचा. दिव्याच्या उष्णतेनं माती वरून सुकत गेली की आतले जीव ओलाव्यामागे खाली खाली पळतात आणि शेवटी नरसाळ्यातून बाटलीत पडतात. मग साहेब त्याला काचेतून बघायला द्यायचा. राईहून बारीक, पिसवांसारखे उड्या मारणारे पांढुरके जीव. गोचिडीच्या पिल्लांसारखे आठ पायांचे तांबूस जीव. शेवाळाखालच्या मातीतून ते ढिगानं पडायचे. पक्ष्यांच्या वस्तीलगतच्या मातीतून त्याहून जास्त. साहेब बोटं मोजून सांगायचा, पाणी पाहिजे, खायला पाहिजे, थोडी ऊब पाहिजे. यातलं एक नसलं तर थोडे. तिन्ही नसली तर कोणी नाही.

"और गांडूळ?" कोंडाजीनं विचारलं. त्याला तो शब्द खुणेनं दाखवावा लागला. साहेबानं मान हलवली. "इधर नहीं. चींटी नहीं. दीमक नहीं."

एक दिवस साहेबानं वरच्या चढणीवरची माती आणली. चांगूच्या दगडांपासून चार हातांवरची. दिवा जळत राहिला. बाटलीत काही पडलं नाही. साहेबानं दिवा तसाच ठेवला, कोंडाजी बाटलीसमोर बसून राहिला, आणि बाटली रिकामीच राहिली. मग साहेबानं चिमूटभर रेव पाण्यात भिजवून मोठ्या काचेखाली धरली. बऱ्याच वेळानं त्यानं कोंडाजीला बोलावलं. केसाच्या तुकड्याएवढं काहीतरी वेटोळं होऊन पडलं होतं. बघता बघता ते हललं.

"मरा नहीं," साहेब म्हणाला. "सोता है. पानी आया, उठ गया." आणि मग कोंडाजीच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं मायेनं सांगितलं, "ऊपर बहुत साफ मिट्टी है. कोई खानेवाला नहीं. तुम्हारा दोस्त जैसा है वैसा रहेगा. हजार साल."

साहेबानं दिलाशाच्या शब्दांत सांगितलं, पण कोंडाजीला ते उलटंच ऐकू आलं. आपल्याकडे पुरलेलं पोर एका पावसाळ्यात माती होतं. वाळवी लागते, गांडुळं येतात, वर भारंगी उगवते. माणूस सुटतो. इथे त्यानं आपल्या हातानं, चांगलं करायला म्हणून, चांगूला अशा ठिकाणी ठेवलं होतं जिथे सुटायला वाटच नव्हती. तो खाली खाचेत चला म्हणणारा साहेब शहाणा निघाला होता. पुन्हा उकरू द्या म्हणून कोंडाजी कप्तानाच्या पाया पडला. कप्तानानं ऐकलं नाही, दुसऱ्याच दिवशी बोट सुटली. निघताना त्यानं चांगूच्या उशाची रेव एका तंबाखूच्या डब्यात भरून घेतली.

गावी आल्यावर ठकूबाईनं विचारलं होतं, "नीट माती दिलीस ना रे?" आणि तो म्हणाला होता, "नीट दिली काकी. चांगली जागा बगून दिली." त्यात एक शब्दही खोटा नव्हता. डबा मात्र त्यानं दिला नाही. दिला असता तर तिनं पुढचं विचारलं असतं. त्यानं तो आपल्या घराच्या आढ्याला बांधून ठेवला आणि पुन्हा बोटीवर गेला नाही. तेव्हापासून डोळा लागला की त्याला ते वेटोळं दिसायचं, आणि मग वेटोळ्याच्या जागी निळी बंडी. पाऊस कौलांवर धरला की त्याला वाटायचं, आता पाणी तिथवर पोचेल आणि चांगू उठून बसेल.

"कोंड्या," पडवीतून ठकूबाईनं हाक मारली. "हिकडं ये. बस हितं."

तो जाऊन तिच्या पायांशी बसला.

"समद्यांनी वचनं दिली. तू येकदाबी काय बोलला नायस. धा वरसं बगतेय मी. कावळा येत नाय तवा समदी वर बगतात, तू खाली बगतोस. काय र्‍हायलंय माज्या पोराचं?"

फणसाकडे कोंडाजीनं पाहिलं नाही. "काकी," तो म्हणाला, "त्यो मातीत मिळाला नाय."

"म्हंजी?"

"तिथली माती खात नाय. थंडी हाय, कोरडं हाय. गांडूळ नाय, वाळवी नाय, मुंगी नाय. खाली ओलीची जागा व्हती, तिथं बारकं जीव व्हतं. साहेब म्हनत व्हता तिथं ठेव. मीच म्हनलं नाय, वरकस जागा पायजे. आपल्याकडं करतात तसं केलं. तिथं ते उलटं पडलं." त्यानं पडवीची जमीन नखानं खरवडली. "त्यो हाय तसा हाय, काकी. हजार वरसं तसाच र्‍हानार. म्हनून शिवत नाय."

भागोजीनं कपाळाला हात लावला. ठकूबाई मात्र कोंडाजीकडे निरखून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आलं ते दुःख नव्हतं.

"हाय तसा?" ती म्हणाली. "भिवईवर विळा लागलेला, त्यो डागबी?"

"व्हय."

"केस?"

"समदं, काकी."

तिनं पदर तोंडाला लावला आणि हसली की रडली ते कुणाला कळलं नाही. "मला त्याचं तोंड आठवत नव्हतं रे," ती म्हणाली. "दोन वरसं झाली. डोळं मिटलं का नुसती बंडी दिसायची, वर काय नाय. आय असून पोराचं तोंड इसरले, कुनाला सांगू? मला वाटलं, माती झाला, माज्यातूनबी गेला. नाय तर. हाय म्हन की. अजून कवळा हाय."

जणू तिला मुलाचं पत्र आलं होतं. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. कोंडाजी ज्या ठिकाणी दहा वर्षं उभा होता, तिथे ती आता पोचली होती.

"पन मंग निजला कुटं?" ती पुटपुटली. "हाय तसा असंल तर जागाच असंल. येवड्या थंडीत. धा वरसं जागा." आणि एकदम कोंडाजीचं मनगट धरून म्हणाली, "तिथली माती हाय का तुज्याकडं? खरं सांग. येवडं केलंस, मूठभर आनली असशील."

कोंडाजी उठला. त्याचं घर पाणंदीपलीकडे होतं. आढ्याचा डबा सोडवताना त्याची बायको राही दारात येऊन उभी राहिली. त्या डब्याला हात लावायचा नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. "काकीचा व्हता तर," एवढंच ती म्हणाली आणि त्याच्या मागोमाग निघाली.

डब्याचं झाकण गंजून बसलं होतं. भागोजीनं कोयत्याच्या टोकानं ते उचकटलं. ठकूबाईनं आत बोट घातलं, करड्या रेवेची चिमूट तळहातावर घेतली आणि नाकाशी नेली. पुन्हा नेली.

"वास नाय हिला," ती म्हणाली. "माती हाय आनि वास नाय? मला न्हानीमागं न्या."

न्हाणीचं पाणी जिथे केळींत जायचं तिथे तिला दोघांनी धरून नेलं. अळू माजला होता आणि त्याखालची जमीन काळी, भुसभुशीत होती. ती खाली बसली. सुजलेली बोटं तिनं चिखलात खुपसली आणि मूठ उपसून काढली, तर मुठीत चार-पाच गांडुळं वळवळत होती. डबा तिनं मांडीवर घेतला. चिखलासकट गांडुळं रेवेवर ठेवली, आणि वाकून, शेजारणीला पोर सांभाळायला देताना बोलावं तसं त्यांना म्हणाली, "माजं लेकरू हाय. सावकाश खावा."

राहीनं तोंड फिरवलं. कोंडाजीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

डबा पानाशेजारी ठेवला. माणसं मागे सरली. बऱ्याच वेळानं, म्हणजे लोकांनी आशा सोडल्यावर, फणसावरचा तो चोच घासणारा कावळा खाली उतरला. तिरका चालत आला. वड्याकडे त्यानं मान वाकडी करून पाहिलं, खिरीकडे पाहिलं, आणि पानाला वळसा घालून डब्याच्या काठावर बसला. आत चोच घातली, एक लांबलचक गांडूळ ताणून बाहेर काढलं आणि उडून गेला.

अंगण खुळावल्यासारखं झालं. भागोजी रीतीचा माणूस होता. "पान नाय शिवला," तो हळूच म्हणाला. "किडा नेलान. ह्याला शिवनं म्हनायचं का?"

"त्याच्या अंगावरचं नेलान ना?" ठकूबाई म्हणाली. "मंग त्योच शिवला. पानी आना."

राहीनं तांब्या आणला. म्हातारीनं तो एका दमात रिकामा केला, आणि मग पंगत बसली. ती दोन घास जेवली आणि बसल्या जागी, खांबाला टेकूनच झोपी गेली. तिचं तोंड उघडं होतं आणि श्वास बरा चालला होता. डबा तिनं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवायला सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी फावडं-घमेलं घेऊन घाटाकडे निघाला आणि वाटेत त्या अंगणात वळला. रात्री पाऊस पडला नव्हता. डबा होता तिथेच होता. गांडुळं मात्र कट्ट्यावर होती. रेवेत एकही शिरलं नव्हतं. काठावरून बाहेर पडून ती थोडीथोडी सरपटली होती आणि दगडावर सुकून चिकटली होती. मुंग्यांची रांग लागली होती. ती कट्ट्यावरून डब्यापर्यंत यायची आणि डब्याला वळसा घालून पलीकडे जायची. आत एकही मुंगी गेली नव्हती.

कोंडाजीनं फावडं भिंतीला टेकवलं, सुकलेली गांडुळं बोटानं सोडवून केळींत टाकली आणि न्हाणीमागे जाऊन हातानं माती उकरली. नवी गांडुळं चिखलासकट आणून त्यानं डब्यात ठेवली. उद्याही हे करावं लागणार हे त्याला कळलं होतं, आणि परवाही.

"कोन हाय?" आतून ठकूबाईचा आवाज आला.

"मी हाय काकी. कोंडा."

"हायत का रे ती?"

"हायत."

"खातायत?"

कोंडाजीनं डब्याच्या तोंडावर आपला तळहात पालथा धरला होता. खालून एक गांडूळ, थंड आणि ओलं, त्याच्या तळव्याला ढुशा देत बाहेर यायची वाट शोधत होतं.

"खातायत काकी," तो म्हणाला. "सावकाश."

घाटात जायला उशीर होत होता, पण त्यानं हात काढला नाही.